एकविसावी सुई

“सुया करणारेच आंधळे झालेत हल्ली! भोकंच ठेवत नाहीत!”

हातभर अंतरावर काजं करत बसलेल्या काकूंनी हे ऐकलं आणि मान वर न करता दोऱ्याला गाठ मारली. मास्टर पुटपुटले होते मशीनच्या चाकाशी. पण एकतीस वर्षं ज्या माणसाच्या शेजारी बसून काजं केली, त्याचं पुटपुटणं बायकोला भोंग्यासारखं ऐकू येतं. गेल्या महिन्यात दोरेवाले चोर होते, कारण दोरा टोकाला फुटत होता. त्याआधी वीजवाले चोर होते, कारण बल्ब मिणमिणत होता. चष्मेवाला तर गेल्या तीन चष्म्यांपासून चोर होता! सगळं जग मास्टरांच्या वाईटावर टपलेलं. निर्दोष काय ते फक्त त्यांचे डोळे!

मास्टरांच्या रक्तात साखर सापडून अकरा वर्षं झाली होती. गोळ्या ते घड्याळ लावून घेत. चहा बिनसाखरेचा पीत आणि पिताना असं तोंड करत की समोरच्याचाही कडू व्हावा. पायाला जखम नको म्हणून दुकानातसुद्धा मोजे घालत. पण ही साखर डोळ्याच्या आतल्या पडद्याची काय नासाडी करते ते बघायला वर्षातून एकदा त्या पडद्याचा फोटो काढावा लागतो, असं कुणी म्हटलं की मास्टरांना लगेच कुणाची तरी अर्धवट राहिलेली पँट आठवायची.

“मला लांबचं दिसतं, जवळचं दिसतं. आतलं बघून करायचंय काय? मी काय आत कपडे शिवतो?”

आणि मजा अशी की मास्टरांना दिसत नाही हे सगळ्यांना दिसत होतं! दुकानात त्यासाठी एक आख्खं खातं चालायचं, फक्त पाटी लावलेली नव्हती. मास्टर घरी वर्तमानपत्र धरून बसलेले असत, तेव्हा काकू पुढे जाऊन दुकान उघडत आणि वीस सुया ओवून त्यांच्या मशीनशेजारच्या गादीत टोचून ठेवत. काकूंचा भाऊ, म्हणजे दुकानातले कटरमामा, कापडावर खडूची रेघ अशी जाड ओढत की जणू रस्त्यावरचे पट्टे. इस्त्रीवाला एक खिसा वर नि एक खाली दिसला की वाफेच्या ढगात पँट गुडुप करून टाकायचा. गिऱ्हाइकं तर इतकी तयार झाली होती की पुढच्या दारात मास्टरांचा हात धरून “वा, काय बसलीय!” म्हणायची आणि वळसा घालून मागच्या खिडकीतून तीच पँट काकूंकडे उसवायला द्यायची.

कुणी बोलायचं मात्र नाही. कारण दोन वर्षांपूर्वी इस्त्रीवाला बोलून बसला होता. “मास्टर, डावा पाय लांब झालाय बघा. डोळे दाखवा की एकदा!” एवढंच. मास्टर रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी गळ्यातली टेप काढली, गुंडाळली, खणात ठेवली आणि दारापाशी एक जुनं स्टूल होतं त्यावर जाऊन बसले. तीन दिवस! ते स्टूल मास्टरांच्या वडिलांचं. तेही टेलर. शेवटची नऊ वर्षं त्यांना काहीच दिसत नव्हतं, त्या स्टुलावर बसून ते नुसता मशीनचा आवाज ऐकायचे आणि म्हणायचे, “टाका लांब पडतोय रे.” ती नऊ वर्षं मास्टरांनी त्यांच्याकडे पाठ करून शिवण केली होती.

चौथ्या दिवशी काकूंनी टेप आणून मास्टरांच्या गळ्यात घातली. म्हणाल्या, “उठा. पँट सरळच आहे. त्या इस्त्रीवाल्याचीच मान तिरकी आहे.” बिचारा इस्त्रीवाला पुढे महिनाभर मान तिरकी करून फिरला!

तर अशा या दुकानात एके दिवशी आरोग्य केंद्रातल्या सिस्टर आल्या. पांढरा कोट कमरेत सैल करायला. काकू माप घेत होत्या आणि सिस्टर कोटासकट धुमसत होत्या.

“शंभर जणांना साखर आहे काकू, फोटोला येतात बावीस! वरून आकडा आलाय, साठ करा. कुठून करू? माणसं विणू?”

“लोकांना सांगितलंत का नीट?”

“सांगितलं म्हणजे? पोस्टर लावलं! मोठ्या डोळ्याचं!”

“कुठं?”

“जिन्यात. वरच्या बाजूला. खाली लावलं तर लोक पाठ टेकतात आणि डोळा पुसला जातो.”

“आणि?”

“फोनवर संदेश पाठवले. आठ ओळींचे.”

“म्हणजे ज्याला दिसत नाही त्याला बारीक अक्षरात कळवलंत, की तुम्हाला दिसत नसेल तर या!”

वरून आलेल्या कागदात हा मुद्दा नव्हता.

“बरं, यायचं कधी?” काकूंनी विचारलं.

“मंगळवारी, दहा ते बारा.”

“आणि कामधंद्याची माणसं मंगळवारी दहा ते बारा काय झोपा काढतात?” काकूंनी टेप झटकली. “सिस्टर, तुमचा तो कॅमेरा उचलता येतो ना? मग घेऊन या इथं! अंधार हवा ना? ही ट्रायल रूम आहे, आत दिवा लावला तरी अंधारच असतो. समोरच्या बस डेपोच्या चाळीस पँटी आहेत आमच्याकडे. येत्या गुरुवारी सगळे ड्रायव्हर लांबी मापून घ्यायला येणार आहेत. त्या डेपोइतकी साखर कारखान्यात निघत नसेल! तुम्हाला पंचवीस माणसं देते, बसल्या जागी. नाही दिली तर नाव नाही सांगणार माझं!”

मग आवाज खाली आणून त्या म्हणाल्या, “आणि सगळ्यात शेवटी आमचे हे. सगळ्यांचं झालं, एकटे उरले, की जातील कुठं? लाजेनं तरी बसतील.”

खरं सांगायचं तर पंचवीस माणसं ही काकूंची नुसती बाहेरची शिवण होती. आतलं अस्तर एकाच माणसाचं होतं.

गुरुवार उजाडला. काकूंनी वीस सुया ओवल्या, ट्रायल रूममधल्या खुंट्या मोकळ्या केल्या, कॅमेऱ्यासाठी कटिंगचं छोटं टेबल आत सरकवलं. सिस्टर थेंबांच्या बाटल्या आणि छापील कागदांचा गठ्ठा घेऊन आल्या. पद्धत सोपी होती. बाहेरच्या बाकावर बसायचं, मान मागे करायची, डोळ्यांत थेंब. वीस मिनिटांत बाहुल्या मोठ्या होतात. मग आत जाऊन फोटो. मग हातात एक कागद. झालं!

दुपारच्या पाळीचे बारा ड्रायव्हर, मागोमाग मेकॅनिक, वॉशिंगवाले, अशी सगळी खाकी जत्रा लोटली. पँटीसाठी! डोळ्यांचं नाव काढताच जो तो दुसऱ्याकडे बोट दाखवायला लागला.

“मला काय होतंय! मी रोज अडीचशे किलोमीटर गाडी मारतो!”

“मला साखर आहे, पण थोडी.”

“माझी बायको बघते माझे डोळे.”

“फोटोत काही निघालं तर नोकरीचं काय?” हे मात्र एकजण हळूच म्हणाला, सगळ्यांत उंच होता तो. डेपोत त्याला खांब म्हणत. त्याच्या प्रश्नाला कुणी हसलं नाही.

“आत्ता निघालं तर उपाय असतो,” सिस्टर म्हणाल्या. “उशिरा निघालं तर नोकरीही नाही आणि डोळेही नाहीत.”

तरी कुणी हलेना. तेव्हा काकू पदर खोचून बाकासमोर उभ्या राहिल्या.

“ऐका! ज्याच्या डोळ्यांत थेंब नाही, त्याची लांबी मापली जाणार नाही. उद्या सकाळी आठला तुमचे मोठे साहेब नवा गणवेश बघायला येणार आहेत. पायात घोळणारी पँट घालून उभे राहा त्यांच्यासमोर!”

“काकू, ही दादागिरी झाली!”

“काकूगिरी म्हणतात याला. आणि मी आधी बसते, बघा!”

बसल्या की! साखर ही तशी काकूंच्या माहेरचीच. तीन वर्षांपूर्वी त्यांनाही निघाली होती. त्यांच्यामागून कटरमामा बसले. इस्त्रीवाला म्हणाला, “मला काहीच नाही, मी कशाला?” सिस्टरनी त्याचं बोट टोचलं तर त्याचीही निघाली! सकाळी धडधाकट आलेला माणूस दुपारी रोगी झाला. मग मात्र ड्रायव्हर एकेक करत बाकावर आले. मान मागे, थेंब, पुढचा! मान मागे, थेंब, पुढचा! सिस्टरचा हात असा चालायला लागला की जणू गाड्यांत डिझेल भरतायत.

एक वाजेपर्यंत पंचवीस झाले. काकूंनी छाती काढून मास्टरांकडे पाहिलं. म्हणजे मास्टर जिथं असतील असं वाटत होतं तिकडे पाहिलं.

“अहो, आता तुम्हीच राहिलात.”

मास्टर मशीनवरून उठले नाहीत. “सगळ्यांनीच थेंब घातले तर दुकान कोण बघणार? एक तरी डोळस माणूस नको का?”

इस्त्रीवाल्यानं सवयीनं मान तिरकी केली. काकूंनी ओठ घट्ट मिटले, कारण जे तोंडावर आलं होतं ते बोललं तर ते दारातलं स्टूल पुन्हा भरलं असतं.

आणि इथूनच सगळं बिघडायला सुरुवात झाली.

आधी खांब ट्रायल रूमच्या मागून आला. पँट त्याच्या गुडघ्यांच्या जरा खाली संपत होती.

“मास्टर, पँट आटली!”

“अजून धुतली नाही तर आटेल कशी!”

पाठोपाठ डेपोतला सगळ्यांत बुटका वॉशिंगवाला आला. त्याची पँट पायांच्या पुढे हातभर चालत होती. कंबरेवर टाचलेले नंबरचे कागद कुणालाच वाचता येत नव्हते, आणि चाळीस पँटी एकाच रंगाच्या! जो तो दुसऱ्याच्या पँटीत शिरला होता. कटरमामा टेप डोळ्यांजवळ नेत, लांब नेत, पुन्हा जवळ नेत होते. “ताई, टेपवरचे आकडे गेले गं! सगळी टेप पिवळी झाली!” इस्त्रीवाला पँट समजून स्वतःच्याच टॉवेलला कडक घडी घालत होता. खांब हॉर्न ऐकून रस्त्यावर गेला आणि दोन्ही हातांनी डोळे झाकून परत आला. “कुणीतरी डोळ्यांत हेडलाइट मारतंय!” कुणी नाही, नुसतं ऊन होतं.

“सिस्टर, हे असं किती वेळ?” काकूंनी विचारलं.

“कागदात सगळं लिहिलंय की!” सिस्टर ट्रायल रूमच्या आतून ओरडल्या. त्यांचं एका मेकॅनिकच्या डाव्या डोळ्याशी भांडण चाललं होतं.

पंचवीस जणांनी खिशातून कागद काढले. पंचवीस जणांनी ते डोळ्यांजवळ नेले. कुणी उलटा धरला, कुणी आडवा. थेंब घातल्यावर चार तास वाचता येत नाही, हे ज्या कागदावर लिहिलं होतं, तो कागद थेंब घातल्यावर हातात दिला होता!

“मास्टर!” खांबानं आपला कागद पुढे केला. “तुम्ही वाचा. तुमचे डोळे शाबूत आहेत.”

इस्त्रीचा चटका टॉवेलला लागला तरी इस्त्रीवाल्यानं ती उचलली नाही. मास्टरांनी कागद घेतला. चष्मा कपाळावर केला, नाकावर आणला, कागद उजेडाकडे धरला, मागची बाजू पाहिली. मग परत देत म्हणाले,

“डॉक्टरचं अक्षर दिसतंय. काय वाचायचं यांचं!”

कागद छापलेला होता.

पण ते सांगायला कुणालाही दिसत कुठं होतं! काकूंना दिसत नव्हतं पण माहीत होतं. त्या काही बोलणार, इतक्यात डेपोचे कंट्रोलर दारात उभे राहिले. घामाघूम, गळ्यात शिट्टी, हातात ड्युटीचा तक्ता.

“माझे ड्रायव्हर कुठं आहेत? दीडच्या गाड्या लागल्यात! प्रवासी बोंबलतायत!”

“आलो साहेब!” बारा ड्रायव्हर एकदम उठले आणि बारापैकी पाच शिलाई मशीनवर आदळले. कंट्रोलरनी जवळच्याच्या हातातला कागद हिसकला आणि शिट्टीच्या आवाजात वाचला.

“थेंब घातल्यानंतर चार ते पाच तास वाचन, बारीक काम व वाहन चालवणे टाळावे!” त्यांनी तो परत वाचला. “वाहन चालवणे! सिस्टर! हे आधी सांगायचं की नंतर?”

सिस्टर बाहेर आल्या. जराही न चाचरता म्हणाल्या, “आधी सांगितलं की कुणी थेंबच घालून घेत नाही. आमचा अनुभव आहे. म्हणून कागद नंतर द्यायचं ठरलंय. त्यानं आकडा वाढतो.”

“आकडा वाढतो! आणि माझ्या बारा गाड्या उभ्या त्याचं काय? सकाळच्या पाळीला डबल करायला लावतो आता, पाया पडून! आणि सहाच्या ठोक्याला चाळीसच्या चाळीस पँटी डेपोत हव्यात मास्टर! किती बाकी?”

“अकरा,” मास्टर म्हणाले. “तुरपाई नि हूक.”

“एक जरी कमी भरली ना, तर पुढच्या वर्षी तयार कपड्यांच्या कारखान्यातून आणतो! पंचवीस माणसं आंधळी करून ठेवलीत! उद्या मोठे साहेब येणार आणि मी... मी...” असं म्हणत ते धप्पकन बाकावर बसले, मान मागे टाकली, आभाळाकडे तोंड केलं आणि म्हणाले, “संपलो मी!”

आता सिस्टरची तरी काय चूक? सकाळपासून त्या बाकावर जो बसला, ज्यानं मान मागे टाकली, त्याच्या डोळ्यांत थेंब पडला होता. हात आपोआप गेला. टप. टप.

“सव्वीस!” सिस्टर म्हणाल्या.

“अहो! अहो, मी कंट्रोलर आहे!”

“साखर आहे?”

“आहे, पण...”

“मग बरोबर आहे,” असं म्हणून सिस्टरनी बाटली हलवली, उजेडात धरली, पुन्हा हलवली. “अगदी वेळेवर बसलात साहेब. शेवटचेच दोन होते.”

शेवटचे दोन!

काकूंनी बाटली घेऊन स्वतः उलटी करून पाहिली. ज्या एका माणसासाठी आख्खा डेपो ठप्प केला, तो माणूस समोर मजेत पाय हलवत बसला होता आणि बाटली रिकामी झाली होती. “मास्टर, तुम्हाला आता उद्या केंद्रावरच यावं लागेल. मंगळवार नसला तरी मी काढते फोटो,” सिस्टर म्हणाल्या. “बघू की,” मास्टर म्हणाले. ‘बघू की’ म्हणजे काय ते काकूंना अकरा वर्षं पाठ होतं. आणि वर मास्टरांच्या अंगात आता वारं संचारलं!

“व्हा बाजूला सगळे! म्हणे डोळे तपासा! तपासले तर हे असं होतं! अकरा वर्षं साखर आहे मला, एक थेंब घातला नाही, आणि आज दुकानात काम करणारा मी एकटाच आहे! आणा त्या पँटी इकडं!”

आणि खरंच, मास्टरांचा हात चालला. एक पँट झाली, दोन झाल्या. कंट्रोलर डोळे किलकिले करून नुसता आवाज ऐकत होते. तीनच्या सुमारास मास्टरांचा हात सुयांच्या गादीकडे गेला आणि चाचपत राहिला. वीस संपल्या होत्या.

काकूंनी घाईनं स्वतःच्या डबीतली सुई काढली. दोरा ओला केला, टोक केलं, नेम धरला. गेला. पुन्हा धरला. गेला. सुई उजेडाकडे केली तर सुईच दिसेनाशी झाली. सातव्यांदा दोरा बोटात दुमडला तेव्हा त्या वैतागून म्हणाल्या,

“काय मेल्या सुया आहेत! भोकंच ठेवत नाहीत!”

मास्टरांचं मशीन थांबलं. मग ते खो खो हसायला लागले. डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले.

“आण इकडं ती. अशी ओवता येत नाही, अगं. सगळे इकडं या! हो, तुम्ही पण कंट्रोलर साहेब, रिकामे बसून काय करताय? मेहुणे, प्रत्येकाच्या हातात एक सुई नि दोरा द्या. हां. आता दोऱ्याला सुईवरून दुमड घाला आणि ती दुमड चिमटीत घट्ट दाबा. इतकी घट्ट, की दोरा बोटांबाहेर डोकावलाच नाही पाहिजे. आता सुई काढून घ्या, आणि चिमटीवर भोक टेकवा. दोरा घालायचा नाही! सुई दोऱ्यावर बसवायची. बसली?”

“बसली!” खांब ओरडला. सव्वीस माणसांना पोरांसारखा आनंद झाला. “मास्टर, बघितलं पण नाही मी!”

“बघायचंच नाही! आता तुरपाई. दुमडीची कड नखानं अशी दाबत न्यायची, मग बोटाला रेघ लागते. त्या रेघेवर टाका. खाकी दोरा की काळा ते विचारू नका, खाकी रिळं खणात डावीकडे असतात. हूक उलटा की सुलटा ते ओठाला लावून बघायचं. ओठ कधी चुकत नाही. आणि दोन्ही पाय सारखे झाले की नाही ते...”

“टेप दिसत नाही, भावोजी,” मामा म्हणाले.

“टेप कोण बघतो! पाय एकावर एक ठेवायचे आणि खालची कड गालावरून फिरवायची.”

सगळे कामाला लागले. अदलाबदल झालेल्या पँटी सिस्टरनी नंबरचे कागद वाचून वेगळ्या केल्या. बाकावर, पायरीवर, कटिंगच्या टेबलावर बारा ड्रायव्हर मांडीवर पँटी घेऊन तुरपाई करत होते. कंट्रोलर हूक ओठाला लावून बसले होते. सिस्टरना दिसत असूनही एक टाका सरळ येत नव्हता, आणि मास्टरांनी त्यांचं तीनदा उसवलं! साडेपाचला अकरावी पँट झाली. इस्त्रीवाल्यानं ती गालावरून फिरवली.

“सरळ आहे,” तो म्हणाला आणि त्याचा विश्वासच बसेना. “मास्टर, एकदम सरळ आहे! हे सगळं शिकलात कुठं तुम्ही?”

“शिकतो कुठं! ज्याचं त्यालाच सुचतं. ते नखाचं आधी सुचलं, पहिल्या पावसाळ्यात. हुकाचं मागच्या थंडीत. गालाचं तर आत्ता चार महिन्यांपूर्वी. सुईचं मात्र...” मास्टर थांबले. काकूंच्या दिशेला वळले. “हिच्या वीस सुया असतात. तीन वाजेपर्यंत पुरतात. पुढं एकविसावी कोण ओवत असेल असं वाटत होतं तुला?”

काकूंच्या हातातली सुई तशीच राहिली. दोन वर्षं चोरून केलेलं काम! “तुम्हाला माहीत होतं?”

“सुया आपल्या आपण ओवून बसतात होय गं? आणि मेहुणे खडूची रेघ ओढतात की भिंत रंगवतात? हा इस्त्रीवाला महिनाभर मान वाकडी करून फिरला, मला वाटलं याला लकवाच झाला! पण म्हटलं, तुम्ही एवढं मनावर घेऊन लपवताय, तर कशाला मोडता घाला.”

ज्याला जे दिसत होतं ते धूसर होतं, त्यामुळे एकमेकांची तोंडं बघायचीही सोय नव्हती. कंट्रोलरना यातलं काही ठाऊक नव्हतं. त्यांना आपल्या डोळ्यांची काळजी. ओठातला हूक काढून त्यांनी विचारलं,

“पण मास्टर, हे सगळं असं चिखलातून बघितल्यासारखं दिसतंय. बल्बभोवती गोल, माणसाला तोंड नाही, मधेच काळे ठिपके... रात्रीपर्यंत जाईल ना?”

“काळे ठिपके थेंबांनी दिसत नाहीत साहेब,” सिस्टर चटकन म्हणाल्या. “तुमचा फोटो राहिलाय. चला आत आधी. बाकीचं जातं उतरून. सगळ्यांचंच उतरतं.”

मास्टरांनी गळ्यातली टेप काढली. पुढे काय होतं ते काकूंनी एकदा पाहिलं होतं. टेप गुंडाळली जाईल, खणात जाईल, मग ते स्टूल. पण मास्टर उठले, चाचपत तीन पावलं चालले, स्टुलाच्या बाजूनं गेले आणि बाकावर बसले. मान मागे टाकली.

“मास्टर, थेंब संपलेत,” सिस्टर हळूच म्हणाल्या.

“मला माहीत आहे. सराव करतोय.” आभाळाकडे तोंड करून मास्टर म्हणाले, “यांचं रात्री उतरेल, सिस्टर. माझं दोन वर्षं झाली, उतरलेलं नाही. मला दिसत नाही. उद्या किती वाजता उघडतं तुमचं ते केंद्र?”